तंबू कुठून घ्यावा?



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग दिवाळी आली, मग पाहुणे... असो. आज मात्र जरा रागावून लिहायला बसले आहे. सगळी नोकरी वर्गात ओरडण्यात गेली, ती सवय अजून सुटलेली नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

झालं असं, की परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "आत्या, डिसेंबरात आम्ही सहाजण भंडारदऱ्याला येतोय. हॉटेल नको, तुझ्याकडेही नको, तंबूत राहणार. दोन रात्री." मी म्हटलं, छान, या. मग त्याने मोबाइलवर एक यादी पाठवली. दोन तंबू, सहा स्लीपिंग बॅगा, घडीच्या सहा खुर्च्या, घडीचं टेबल, गॅसची शेगडी, बर्फाची पेटी, झाडाला लावायची दिव्यांची माळ, हवा भरायच्या उशा आणि आणखी कायकाय. खाली बेरीज, ४८,००० रुपये. आणि प्रश्न, "हे सगळं ऑनलाइन मागवू की दुकानातून घेऊ? तिकडे राजूरला काय, ताडपत्रीशिवाय काही मिळत नसेल."

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण त्याच संध्याकाळी त्याच्या बापाचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा फोन. "ताई, सांग गं त्याला काहीतरी! कशाला हवीत ही सोंगं? आपण नाही का एका घोंगडीवर रात्री काढल्या? कळसूबाईला लोक अनवाणी जातात!"

म्हणजे एक म्हणतो सगळं विकत घ्यायचं आणि दुसरा म्हणतो काहीच घ्यायचं नाही. माझ्या मते बापलेक दोघेही चुकताहेत. फोनवर हे सांगता येईना, म्हणून दोघांसाठी आणि तुम्हा सगळ्यांसाठी इथे लिहिते.

आधी भावाला उत्तर देते, कारण तो माझ्याच वयाचा रोग आहे. आम्हा म्हाताऱ्यांना आमच्या हालांचा फार अभिमान. नवरात्रात कळसूबाईला आसपासच्या गावांतले लोक अनवाणी चढतात, खरं आहे. पण ते पायाखालची वाट चढतात, दर्शन घेतात आणि घरी येऊन भाकरी खातात. १६४६ मीटरच्या त्या माथ्यावर ओल्या कपड्यांत रात्र काढायला ते जात नाहीत. ज्यांना रात्रंदिवस रानात राहावं लागे, त्या गुराख्यांकडे त्यांचं 'सामान' होतंच की! बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं इरलं, खांद्यावर घोंगडी, कमरेला कोयता, चकमक नाहीतर काडेपेटी. हे काय आपोआप आलं होतं? शेकडो पावसाळ्यांनी शिकवलेली ती यादी होती. आमच्या डांगी जनावरांच्या कातडीला तेलकट ओशटपणा असतो, त्यामुळे घाटमाथ्याच्या पावसात ती टिकतात. माणसाला तो रेनकोट जन्मजात मिळालेला नाही. त्याला तो विणावा लागतो नाहीतर विकत घ्यावा लागतो.

आणि मी हे अनुभवाने सांगते आहे. ही गोष्ट मी आजवर इथे लिहिली नव्हती, कारण ती माझ्या चुकीची आहे.

१९८६ चा ऑक्टोबर. त्याच वर्षी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं होतं आणि मला भूगोलाच्या बाई म्हणून भारी उत्साह. आठवीचे बावीस विद्यार्थी घेऊन आम्ही दोन शिक्षक रतनवाडीला गेलो. शेंडीहून लाँचने धरणाच्या पाण्यातून जायचं, अमृतेश्वराचं देऊळ बघायचं, रात्री तिथेच राहायचं आणि सकाळी प्रवरेचा उगम नि रतनगड. सामान काय? एका धान्याच्या व्यापाऱ्याकडून मागून आणलेली ताडपत्री, दोन कंदील आणि प्रत्येकाची सुती चादर. 'पाऊस संपला, ऑक्टोबर आहे' हा माझा हिशेब. मुलांना परतीच्या पावसाचा धडा शिकवणारी मीच!

रात्री दहाच्या पुढे पाऊस आला. ताडपत्रीच्या कडांना धड भोकं नव्हती, दोरी सुतळीची. वाऱ्याने पहिल्या अर्ध्या तासात ताडपत्री उडाली. पोरं भिजली. चादरी भिजल्या. एक कंदील फुटला, दुसरा विझला. अंधारात मुलं मोजताना माझी बोटं थरथरत होती. बावीस, एकवीस, परत बावीस. त्यातला एक बारीक अंगाचा मुलगा आधी कुडकुडत होता, मग कुडकुडायचा थांबला. मला वाटलं, बरं वाटलं असेल. तो थांबणं हेच वाईट लक्षण असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो बोलताना अडखळायला लागला, तेव्हा मी घाबरले.

वाडीतल्या एका म्हातारीने दार उघडलं. तिने पहिली गोष्ट काय केली, तर त्याचा ओला सदरा ओढून काढला. मी त्याच सदऱ्यावरून चादर गुंडाळत बसले होते! मग त्याला कोरडं पुसून, घोंगडीत गुंडाळून, चुलीपासून थोड्या अंतरावर भिंतीला टेकवून बसवलं आणि नागलीची गरम पेज पाजली. तासाभराने तो माणसात आला. आज तो नातवंडांचा आजोबा आहे, पण ती रात्र आठवली की मला अजून घाम फुटतो. त्या म्हातारीला सामानातलं जे कळत होतं ते मला बी.ए. होऊन कळत नव्हतं. सुती कापड भिजलं की ते अंगातली ऊब शोषून घेतं. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. आणि एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला असता, तर यातलं काहीच घडलं नसतं. त्या पिशवीची किंमत तेव्हा चार आणेसुद्धा नव्हती.

तेव्हा दादा, 'काहीच नको' म्हणणं हा शूरपणा नाही, ती माझी १९८६ ची चूक आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर पुण्याकडच्या एका गटाची धुक्यात वाट चुकली आणि थंडीपावसाने त्यातला एकजण गेला. बाकीच्यांना गावकऱ्यांनी आणि वनखात्याच्या लोकांनी खाली आणलं. डोंगर माणसाचं वय किंवा शौर्य विचारत नाही. तो एवढंच विचारतो, की तू कोरडा आहेस का, तुला दिसतंय का आणि तुला वाट माहीत आहे का.

आता भाच्याकडे वळते. बाळा, वरचे तीन प्रश्न घे आणि तुझी यादी तपास. कोरडं राहण्यासाठी, दिसण्यासाठी आणि वाटेसाठी त्या ४८,००० पैकी किती आहेत? मी बेरीज केली. विजेरी यादीत नाहीच! बुटांचा उल्लेख नाही. पावसाळी जाकीट नाही. डिसेंबरात पाऊस येत नाही म्हणशील, तर मघाची गोष्ट परत वाच. म्हणजे खुर्ची आहे, टेबल आहे, दिव्यांची माळ आहे आणि ज्याने जीव वाचतो ते काहीच नाही. हे डोंगराचं सामान नव्हे, बैठकीची खोली उचलून धरणाकाठी नेण्याचं सामान आहे.

शिवाय हिशेब. तू वर्षातून दोन रात्री तंबूत राहणार. आमच्या भागात शेंडी, मुरशेत, पांजरे, साम्रद, रतनवाडी, तिकडे पाचनई, अशा गावांतली मुलं तंबू भाड्याने देतात. माझ्या एका विद्यार्थ्याकडे तंबू, अंथरूण-पांघरूण, दोन वेळचं जेवण आणि सकाळचे पोहे धरून माणशी एका रात्रीचे १,२०० रुपये होतात. सहा जणांच्या दोन रात्री म्हणजे १४,४००. तुझ्या ४८,००० मध्ये तुम्ही तीन वर्षं येऊन-जाऊन राहाल आणि वर पैसे उरतील. चौथ्या वर्षी कुठे विकत घेतलेलं स्वस्त वाटायला लागेल. तेही जेवणाचा खर्च धरला नाही तर. आणि चौथ्या वर्षापर्यंत तुझा तंबू माळ्यावर ओला गुंडाळून ठेवल्यामुळे बुरशीने काळा झालेला नसेल याची खात्री मला नाही. तुझी शाळेची रेनकोटची घडी मी पाहिलेली आहे.

यूथ हॉस्टेलवाले कित्येक वर्षं हिमालयात मुलांना नेतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते सॅक, स्लीपिंग बॅग तिथेच देतात. माझे अनेक विद्यार्थी असे जाऊन आले, एकानेही आधी दुकान घरी आणलं नव्हतं. आधी चार वेळा भाड्याने घेऊन जा. आपल्याला हे आवडतं का, थंडी किती सोसते, पाठीवर किती ओझं झेपतं, हे कळेल. मग घे.

तू म्हणशील, आत्या, म्हणजे तू दुकानांच्या विरुद्ध आहेस. मुळीच नाही. तीन-चार गोष्टी स्वतःच्याच असाव्यात आणि त्या चांगल्या दुकानातूनच, हाताळून घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे.

पहिली गोष्ट बूट. दुसऱ्याचे बूट आणि दुसऱ्याचा चष्मा वापरू नये. बूट कधीही घरबसल्या मागवू नकोस. दुकानात जा, तेही संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून बघ. उतारावर उभा राहा, अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा घे. आणि नवे बूट थेट डोंगरावर आणू नकोस, आधी पंधरा दिवस पुण्यातच झिजव. पूर्वीचे ट्रेकर अ‍ॅक्शनचे साधे बूट घालून अख्खा सह्याद्री फिरले. बुटाची किंमत नव्हे, तळव्याची पकड बघायची.

दुसरी विजेरी, म्हणजे डोक्याला बांधायची हेडटॉर्च. मोबाइलचा उजेड ही विजेरी नव्हे. थंडीत बॅटरी लवकर बसते आणि एक हात कायम अडकतो. माणशी एक हेडटॉर्च आणि जादा सेल, यात काटकसर नाही.

तिसरं पावसाचं जाकीट. आणि इथे तुला आकडे वाचायला शिकवते, कारण 'वॉटरप्रूफ' हा शब्द आमच्याकडच्या पुढाऱ्याच्या आश्वासनासारखा आहे. जाकिटावर किंवा तंबूवर मिलिमीटरमध्ये आकडा असतो. १,००० मिलिमीटर म्हणजे त्या कापडावर एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही. ऐकायला खूप वाटतं. पण पाण्याने भरलेल्या जमिनीवर तू गुडघा टेकलास, की त्या ठिकाणचा दाब याहून किती तरी वाढतो. म्हणून तंबूच्या तळाचा आकडा छतापेक्षा जास्त हवा. घाटघरला आमच्या जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. तिथल्या पावसात नुसत्या नावाचा वॉटरप्रूफ तंबू म्हणजे गाळणी. आकडाच छापलेला नसेल तर ती वस्तू हातातून खाली ठेवायची. तंबू दुहेरी हवा, आत जाळीचा आणि वर वेगळं छत. एकेरी तंबूत आपल्याच श्वासाची वाफ थंड होऊन अंगावर ठिबकते, आणि सकाळी लोक म्हणतात 'तंबू गळला'. सगळ्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का तेही बघायचं.

स्लीपिंग बॅगेवर तापमानाचे दोन-तीन आकडे असतात. विक्रेता सगळ्यात खालचा सांगतो. तो आकडा जीव तगण्याचा असतो, झोप लागण्याचा नव्हे. 'कम्फर्ट' म्हणून जो दिलेला असतो तोच आपला. आणि पिसांची महाग बॅग आपल्या दमट हवेत घेऊ नकोस, भिजली की तिचा गोळा होतो. शिवाय बॅगेइतकीच महत्त्वाची खालची कॅरीमॅट. ऊब वरून जेवढी जाते तेवढीच जमीन खेचून घेते. कॅरीमॅट स्वस्त असते, म्हणून कोणी तिच्याकडे बघत नाही.

शेगडीबद्दल एकच वाक्य. ती तंबूच्या आत कधीही, कितीही थंडी असली तरी पेटवायची नाही. न दिसणाऱ्या विषारी वायूने झोपेतच माणूस जातो.

या वस्तू कुठून? डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानात जा. १९७६ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली ती साखळी आता पुण्या-मुंबईत आहे. तिथे तंबू उभा करून ठेवलेला असतो, आत शिरून आडवं होऊन बघता येतं, आकडे छापलेले असतात. आपल्या देशी कंपन्याही चांगल्या सॅक बनवतात. जमलं तर आधी एखाद्या गिर्यारोहण संस्थेच्या जुन्या सभासदाला विचार. पुण्याच्या गिरिप्रेमीची मुलं २०१२ मध्ये एव्हरेस्टवर जाऊन आली. अशा संस्थांतली माणसं 'हे घेऊ नका' हे दुकानदारापेक्षा जास्त खरं सांगतात. आणि कुठूनही घेतलंस तरी पक्कं बिल घे. हे मी उगाच लिहीत नाही.

माझा एक विद्यार्थी, महादेव कोळी समाजातला, धरणाकाठच्या एका वाडीतला. शाळेत हुशार, पण दहावीनंतर शिकता आलं नाही. काही वर्षांपूर्वी त्याने बायकोच्या बचत गटातून कर्ज काढलं आणि शहरातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून वीस तंबू आणले. एकेक ११०० रुपयांना, म्हणजे २२,०००. मे महिन्याच्या अखेरीस काजव्यांच्या हंगामात वळवाचा पाऊस आला. फायबरच्या काड्या कडाकडा मोडल्या, शिवणी उसवल्या, एका रात्रीत अकरा तंबू गेले. पर्यटक मध्यरात्री त्याच्या पडवीत. सकाळी त्यांनी पैसे परत मागितले, त्याने दिले. जाताना त्यातल्या एकाने इंटरनेटवर लिहिलं, की या लोकांना धंदा करायची अक्कल नाही.

तो व्यापाऱ्याकडे मोडक्या काड्या घेऊन गेला. व्यापारी म्हणाला, "बिल दाखव." बिल नव्हतं. कच्च्या कागदावर आकडा होता, बस्स.

हे सगळं त्याने मला आमच्या ओट्यावर बसून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "बाई, पावती मागायची राहिली." तो स्वतःलाच दोष देत होता. मला मात्र शरम वाटली. मी या पोराला मराठीच्या तासाला मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहायला शिकवला, पाहुण्यांना आभाराचं पत्र लिहायला शिकवलं, गावच्या जत्रेवर निबंध लिहून घेतला. 'मला पक्की पावती द्या' हे एक वाक्य ताठ मानेने म्हणायला मात्र शिकवलं नाही. मार्क त्याचे कापले गेले, चूक माझी होती.

आता त्याने काय केलंय ते ऐका, कारण या सगळ्या वादाचं उत्तर मला तिथे मिळालं. त्याने कर्ज फेडलं, आणि मग वीसऐवजी आठच तंबू घेतले. चांगल्या दुकानातून, अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचे, बिलासकट. ते त्याने उघड्यावर लावले नाहीत. बांबूचा मांडव घातला, त्यावर राजूरच्या बाजारातून घेतलेली जाड ताडपत्री ताणून बांधली. खाली मातीचा वीतभर उंच ओटा, त्यावर भाताचा पेंढा, त्यावर तंबू. पाऊस ताडपत्रीवर पडतो, पाणी ओट्याखालून जातं, पेंढा ऊब धरतो. गेल्या पावसाळ्यात एकही तंबू गळला नाही. अर्धं सामान शहराचं, अर्धं बापजाद्यांचं. भाच्या, 'ताडपत्रीशिवाय काय मिळतं' म्हणालास ना? ही बघ ताडपत्री.

आणि राजूरला आणखी काय मिळतं ते सांगते. नायलॉनची दोरी, सेल, काडेपेट्या, पातेली. आठवडे बाजारात नागली, वरई आणि मोसमात काळभात, रायभोगसारखा गावठी तांदूळ. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, ते वाण इथलेच. शिंप्याकडे तंबूची चेन बदलून मिळते, सॅकचा पट्टा शिवून मिळतो. शहरात चेन तुटली की सॅक फेकतात. घोंगडी हवी असेल तर ती आमच्या पठारी मेंढीच्या लोकरीची, सणगरांनी हातमागावर विणून चिंचोक्याची खळ दिलेली घे. मात्र ती जड असते आणि भिजल्यावर वाळायला दोन दिवस लागतात. म्हणून पाठीवर वाहून गडावर नेऊ नकोस, मुक्कामाच्या ठिकाणीच बरी. म्हातारीचा शब्द म्हणून सगळंच जुनं चांगलं म्हणणार नाही. निघताना पेढे घे, ते यादीत नसले तरी चालतील.

वाट मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. राघोजी भांगऱ्यांना इंग्रजांनी १८४८ मध्ये ठाण्याला फाशी दिलं, पण त्याआधी याच डोंगरांनी त्यांना लपवलं होतं. इंग्रजांकडे तंबू, घोडे, बंदुका सगळं होतं, वाट ठाऊक असणारी माणसं राघोजींकडे होती. गावातला एक वाटाड्या बरोबर घेणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं सामान आहे. दिवसाची मजुरी घासाघीस न करता द्यायची.

आता माझ्या रागाचं खरं कारण. सोमवारी सकाळी धरणाच्या काठाने फिरायला या. पुण्या-मुंबईच्या गाड्या रविवारी परत गेलेल्या असतात. पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, हवा गेलेल्या उशा आणि मोडक्या काड्यांचे निळे-केशरी तंबू तिथेच पडलेले. स्वस्तात मागवला, एक रात्र वापरला, घडी जमेना म्हणून टाकून दिला. आमच्या बायका ते तंबू उचलून गवताच्या गंजीवर नाहीतर गोठ्यावर टाकतात. ही माणसं पाण्यापासून मिठापर्यंत सगळं शहरातून आणतात. गावात येतो तो फक्त कचरा. स्वयंपूर्ण प्रवास म्हणे! ज्या गावाने धरणासाठी जमीन दिली, १९२६ साली ते धरण पुरं झाल्यापासून ज्याचं पाणी खालच्या बागायतीला जातं, त्या गावाकडून एक पातेलं भातसुद्धा विकत घ्यायचा नाही? आणि ती दिव्यांची माळ तर घरीच ठेव. काजवे एकमेकांना शोधतात ते उजेडाच्या खुणांनी. हिरड्या-सादड्याखाली तुमच्या माळा लागल्या की त्यांची भाषाच बुडते. वनखात्याने हंगामात निर्बंध घातले ते उगाच नाही.

गावातल्या मुलांनाही मी सोडणार नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई पक्षपाती. स्लीपिंग बॅगा उन्हात वाळवत नाहीत, एकाच्या वासात दुसऱ्याला झोपवतात, रात्री दोनपर्यंत स्पीकर लावतात, पाण्याच्या अगदी कडेला तंबू ठोकतात. 'गिऱ्हाइकाला हेच पाहिजे' म्हणतात. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते त्याला कळतंच असं नाही, विद्यार्थ्यालाही कळत नसतं. चांगलं सामान ठेवा, स्वच्छ ठेवा, वाजवी दर सांगा आणि त्यावर ठाम राहा.

माझी एक इच्छा आहे. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड या तिन्हींच्या वाटा राजूरवरून जातात. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही आमच्या राजूरला आहे. इथे बचत गटाच्या बायकांनी चालवलेलं एक दुकान असावं. चांगले तंबू, बॅगा, हेडटॉर्च भाड्याने मिळाव्यात, तिथेच दुरुस्ती व्हावी, तिथेच वाटाड्यांची यादी लावलेली असावी, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं, 'पावती मागा'. माझ्या पाहण्यात तरी असं दुकान अजून नाही. शहरातल्या नातेवाइकांनो, जुने कपडे गोळा करून पाठवण्यापेक्षा या कामात लक्ष घाला. माळ्यावर पडलेला चांगला तंबू असेल तर तो वाळवून, काड्या मोजून पाठवा. फाटका पाठवू नका, आमच्याकडे फाटके पुष्कळ आहेत.

एवढं सगळं लिहून झाल्यावर काल भाच्याला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, खुर्च्या एवढ्या आणू का? आईचे गुडघे दुखतात." मी म्हटलं, एक आण. बाकीच्यांनी खाली बसायचं. विद्यार्थ्याकडे दोन रात्रींची आगाऊ रक्कम भरली आहे त्याने, आणि पलीकडून त्या पोराने काय करावं? त्याला मोबाइलवर पक्की पावती पाठवली. भाच्याने ती मला पाठवली. मी ती दोनदा वाचली, एका डोळ्याने. एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती.

दादा, तूही ये त्यांच्याबरोबर. घोंगडी आण हवी तर. पण कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणायचा, हे तुझ्या ताईचं सांगणं.

तुमच्याकडे कोणी असं भाड्याचं दुकान चालवत असेल, किंवा माझं कुठे चुकत असेल, तर जरूर कळवा. कळवताना रागवा, हरकत नाही. मीही रागावलेच की.